खोक्याची घडी बसवणारे रॉबर्ट गेअर

बीड : सप्टेंबर उलटला की बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळाचा हंगाम सुरू होतो. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या भागांतील माळरानावरचे हे फळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, परंतु फळाचा स्वभाव काही बदलला नाही. झाडावरून उतरवलेले सीताफळ तीन-चार दिवसांत पिकते, सालीवर जरा दाब बसला की तेथे काळे पडते, आणि एकदा काळे पडलेल्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत मिळणारा भाव पुष्कळदा फळाइतकाच ते ज्या खोक्यातून जाते त्या खोक्यावर ठरतो.

ट्रकमधून माल उतरवताना थप्पीच्या तळाची खोकी चेपलेली निघाली की वाद ठरलेला. शेतकऱ्याचे म्हणणे पुठ्ठा हलका दिला असे असते. खोकी पुरवणाऱ्याचे म्हणणे, जेवढे पैसे मोजले तेवढा पुठ्ठा मिळाला. प्रस्तुत वार्ताहराने हा वाद एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. त्यात दोन्ही बाजू जाड आणि पातळ या दोनच शब्दांत बोलतात. पुठ्ठ्याची प्रत म्हणजे त्याची जाडी, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे, आणि तो कसा चुकीचा आहे हे समजून घ्यायचे तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात कागदी पिशव्यांचा कारखाना चालवणाऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाच्या आयुष्याकडे पाहावे लागते. रॉबर्ट गेअर हे त्यांचे नाव. आज मिठाईच्या दुकानात पेढ्यांसाठी जे सपाट खोके क्षणात उभे केले जाते, ते कारखान्यात हजारोंच्या संख्येने कापण्याची आणि दुमडण्याची रीत त्यांनी घालून दिली. पॅकेजिंगच्या व्यवसायात जगभर त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

गेअर यांचा जन्म १८३९ चा, स्कॉटलंडमधील एडिंबरोचा. वडील नळकाम करणारे. रॉबर्ट चौदा वर्षांचा असताना, १८५३ मध्ये, न्यूयॉर्कला आला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा तो उत्तरेच्या बाजूने लढला. न्यूयॉर्कच्या ७९ व्या पलटणीत स्कॉटिश वंशाच्या लोकांचा भरणा होता आणि ती ‘हायलँडर्स’ या नावाने ओळखली जात असे. त्या पलटणीत तो होता. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचून तो सैन्यातून बाहेर पडला आणि १८६४ मध्ये मॅनहॅटनमध्ये कागदाचा धंदा सुरू केला.

धंद्याची वेळ साधली होती, असेच म्हणावे लागेल. युद्धामुळे दक्षिणेकडून येणारा कापूस आटला होता. त्यापूर्वी पीठ, धान्य, बी-बियाणे हे सारे कापडी पिशव्यांतून जात असे. कापूस महागल्यावर पिशवीसाठी कागदाकडे वळण्याखेरीज गत्यंतर राहिले नाही. (कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागालाही त्याच युद्धाने वेगळ्या तऱ्हेने हात दिला होता. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांत सोन्याचा भाव आला. एकाच युद्धाने इकडे कापूस चढला आणि तिकडे कागद चढला.) पिशवीच्या व्यवसायात त्या काळी नवनवी यंत्रे निघत होती. सपाट बुडाची कागदी पिशवी करणारे यंत्र मार्गारेट नाइट या बाईंनी बनवले आणि त्यावर दुसऱ्याने हक्क सांगितला असता भांडून १८७१ मध्ये स्वतःच्या नावावर पेटंट मिळवले. गेअर यांचे नाव मात्र पिशवीमुळे राहिले नाही. ते राहिले पिशवी बिघडल्यामुळे.

ही हकिकत १८७९ सालची म्हणून सांगितली जाते. गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात होत्या. छपाईच्या यंत्रातच धातूची एक बोथट पट्टी बसवलेली होती. तिचे काम कागदावर घडीची रेघ उमटवण्याचे. एके दिवशी ही पट्टी जागेवरून सरकली, प्रमाणापेक्षा वर आली आणि घडी पाडण्याऐवजी पिशव्या कापत सुटली. लक्षात येईपर्यंत बराच माल वाया गेला होता. असा प्रकार कोणत्याही छापखान्यात घडतो. कामगाराला बोलणी बसतात, पट्टी पुन्हा बसवली जाते आणि काम पुढे चालू होते. गेअर यांनी मात्र वाया गेलेल्या पिशव्यांकडे निराळ्या नजरेने पाहिले. पट्टी एका उंचीवर असली तर घडी पडते आणि थोडी वर असली तर कागद कापला जातो. मग एकाच साच्यात काही पट्ट्या धारदार आणि उंच, काही बोथट आणि किंचित बुटक्या बसवल्या, तर एकाच दाबात कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे का होऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला.

या विचाराचे महत्त्व कळायचे तर त्या काळचे खोके कसे होत असे ते पाहावे लागेल. पुठ्ठ्याची खोकी तेव्हाही होती. सराफ, टोपीवाले, औषधवाले ती वापरत. परंतु ती गवताच्या लगद्याच्या जाड, ठिसूळ पुठ्ठ्याची असत. हा पुठ्ठा दुमडला की मोडे. म्हणून चारही कोपरे हाताने कापायचे, कडा हाताने उभ्या करायच्या, कोपऱ्यांवर कागद चिकटवायचा आणि वरून शोभेचा कागद मढवायचा. कुशल कामगारालाही यात वेळ लागे. तयार झालेले खोके रिकामे असतानाही भरल्या खोक्याइतकीच जागा अडवी. रिकामी खोकी गाडीत घालून नेणे म्हणजे भाडे देऊन हवा वाहून नेण्यासारखे होते. त्यामुळे खोके हे किमती वस्तूंचे लेणे राहिले. साबण, चहा, बिस्किटे, मीठ यांना खोके परवडणे शक्यच नव्हते. ती पोत्यांतून आणि पिंपांतून विकली जात.

गेअर यांनी एक जुने छपाई यंत्र ३० डॉलरला विकत घेतले आणि त्यात आपला साचा बसवला. या यंत्रावर तासाला ७५० तावांचे काम निघे आणि एका तावातून १० खोकी निघत. म्हणजे तासाला साडेसात हजार खोकी, आणि तीही सपाट. ती गठ्ठ्याने बांधून पाठवायची आणि माल भरण्याच्या जागी उभी करायची. वाहतुकीचा खर्च एकदम खाली आला. अपघातातून शोध, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

उरलेली अर्धी गोष्ट पुठ्ठ्याची आहे.

साचा कितीही नेमका असला तरी त्याखाली ठेवलेला पुठ्ठा दुमडताना तडकला तर सारेच व्यर्थ. गवताच्या पुठ्ठ्याला ही घडी सोसणे शक्य नव्हते. घडीत नेमके काय होते, ते जरा थांबून पाहू. बोथट पट्टी पुठ्ठ्याला एका अरुंद खाचेत दाबते. त्या रेघेवर पुठ्ठ्याच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात, आणि दुमडताना आतल्या बाजूला बारीक फुगवटा येऊन बिजागरी तयार होते. वरचा थर ताणला जातो, पण तुटत नाही. यासाठी पुठ्ठा अनेक थरांचा हवा, थरांची आपसांतली पकड फार सैल नको आणि फार घट्टही नको, आणि वरच्या थराचे तंतू लांब व चिवट हवेत. शिवाय पट्टीची उंची आणि खाचेची रुंदी ही दोन्ही पुठ्ठ्याच्या जाडीवर ठरतात. आजही कारागीर खाचेची रुंदी काढताना पुठ्ठ्याच्या जाडीची दीडपट धरतो आणि त्यात पट्टीची जाडी मिळवतो. पुठ्ठा बदलला की साचाही बदलावा लागतो. तेव्हा आधी पुठ्ठा ठरवायचा आणि मग खोके, हा क्रम गेअर यांच्या यंत्राने व्यवसायावर लादला. पुढे त्यांची कंपनी स्वतःच्या पुठ्ठा गिरण्यांची मालक झाली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याचे खोके घडीवर उभे आहे त्याला पुठ्ठा दुसऱ्याच्या भरवशावर सोडून चालत नाही.

धंदा वाढला तशी मॅनहॅटनमधील जागा अपुरी पडू लागली. ईस्ट नदीवरचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये खुला झाला होता. पलीकडच्या काठावर साखर आणि कॉफीचे बडे व्यापारी जॉन आर्बकल यांचे मोठे प्रस्थ होते. त्यांच्या आग्रहावरून गेअर यांनी १८८८ मध्ये आपला कारखाना ब्रुकलिनला हलवला. तेथे एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या आणि लोक त्या भागाला गेअरव्हिल म्हणू लागले. १९०४ मधील त्यांची इमारत सळईच्या काँक्रीटची होती. त्या काळी काँक्रीटच्या इतक्या मोठ्या इमारती अमेरिकेत मोजक्याच होत्या. कागद-पुठ्ठ्याच्या कारखान्याला आगीचे भय सदैव असते आणि गठ्ठ्यांचे वजनही अफाट असते. लाकडी तुळयांच्या जागी काँक्रीट घेण्याचा निर्णय त्यातून आला असावा, असे वाटते. सामग्री कामाला साजेशी निवडायची, ही सवय इमारतीतही दिसते.

याच सुमारास, १८८० च्या दशकात, पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणी उभी राहत होती, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. मराठवाड्याला तर कागद मुळीच नवा नव्हता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा काही शतकांची आहे. परंतु तो कागद लिहिण्याचा, वह्या-दप्तरांचा. माल भरण्यासाठी आपल्याकडे बांबूची करंडी, तागाचे पोते आणि पानांचा द्रोण होता, आणि तो पुष्कळ काळ पुरेसाही होता.

गेअर यांच्या खोक्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती बिस्किटांमुळे. त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत तंबाखूचे व्यापारी लोरिलार्ड आणि कोलगेट, पाँड्स यांसारख्या कंपन्यांची नावे घेतली जातात. पण या साऱ्यांवर ताण करणारे गिऱ्हाईक पुढे आले. १८९८ मध्ये अनेक बेकऱ्या एकत्र येऊन नॅशनल बिस्किट कंपनी स्थापन झाली. तोवर अमेरिकेतील बिस्किटे दुकानात पिंपात उघडी पडलेली असत. दुकानदार हात घालून ती काढून देई. वरची ताजी, तळाची सादळलेली, आणि पिंपात उंदीर शिरल्याच्या कथा सर्वांच्या तोंडी. आपल्याकडील किराणा दुकानांतील उघडे डबे आणि रद्दीच्या पुड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. कंपनीचे सूत्रधार अ‍ॅडॉल्फस ग्रीन यांनी ठरवले की आपले बिस्किट खोक्यातूनच विकायचे. ‘युनिडा’ या नावाचे हे बिस्किट बाजारात आले आणि गेअर यांच्याकडे एकदम २० लाख खोक्यांची मागणी आली, असे सांगतात.

या मागणीत एक अडचण होती, आणि ती पुठ्ठ्याच्या जातीतच होती. पुठ्ठा घडी सोसतो, वजन सोसतो, छपाई घेतो. पण हवेतला ओलावा तो अडवत नाही, उलट शोषून घेतो. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेले बिस्किट पिंपातल्या बिस्किटासारखेच सादळले असते. म्हणून पुठ्ठ्याच्या आत मेणकागदाचे अस्तर घालून दोन्ही एकत्र दुमडण्याची युक्ती काढण्यात आली. त्या खोक्याच्या जाहिरातीत रेनकोट घातलेला एक मुलगा बिस्किटांचे खोके घेऊन पावसात उभा दिसे. खोक्याने काय साधले हे सांगायला त्या चित्राला शब्दांची गरज नव्हती. एका थराने सगळी कामे करायची नाहीत, प्रत्येक थराला त्याचे काम वाटून द्यायचे, हा धडा या व्यवसायाने बिस्किटांपासून घेतला. पेढ्याच्या खोक्यात आज आपण बटर पेपर घालतो, ते याच रीतीचे धाकटे रूप.

पेढ्याच्या खोक्यापाशी आलोच आहोत तर बाजारात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या प्रतींविषयी दोन शब्द येथे सांगणे योग्य होईल. आपल्याकडील मिठाईची बहुतेक खोकी डुप्लेक्स बोर्डाची असतात. त्याचा वरचा थर पांढरा व लेप दिलेला आणि आतले थर रद्दीच्या लगद्याचे, म्हणून मागची बाजू करडी. तो स्वस्त आहे, छपाईही बरी येते. परंतु रद्दीत छापील वर्तमानपत्रे असतात, त्यांच्या शाईतील तेले पुठ्ठ्यात उतरतात आणि तुपकट पदार्थ थेट टेकला तर ती त्यात उतरू शकतात. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळण्यास अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे, ती याच धोक्यामुळे. (वर्तमानपत्रातच हे लिहावे लागावे, हा योग मोठा मौजेचा आहे.) करड्या पाठीच्या खोक्यात पेढा ठेवायचा तर मध्ये तेल न झिरपणारा कागद हवाच. पदार्थ थेट पुठ्ठ्याला टेकणार असेल तर नव्या लाकडाच्या लगद्याचा, खाद्यपदार्थांसाठी बनवलेला बोर्ड घ्यावा लागतो. त्याला पैसे जास्त पडतात.

आता जाडीचा मुद्दा. पुठ्ठा विकला जातो तो जीएसएमवर, म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचे वजन किती ग्रॅम भरते त्यावर. हे वजन आहे, जाडी नव्हे, आणि ताठपणा तर नव्हेच. ३०० जीएसएमचे दोन पुठ्ठे हातात घेतले तर रद्दीच्या लगद्याचा दाट व पातळ लागतो आणि नव्या लगद्याचा थरांचा पुठ्ठा फुगीर, जाड लागतो. ताठपणा साधारणपणे जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तेवढ्याच वजनात दुसरा कितीतरी ताठ उभा राहतो. म्हणजे वजनावर पैसे मोजणारा ग्राहक कधी कधी कमी वजनाच्या पुठ्ठ्यात अधिक काम करून घेऊ शकतो. दुसरी गोष्ट तंतूंच्या दिशेची. यंत्रावर पुठ्ठा तयार होताना तंतू पुष्कळसे एकाच दिशेने झोपतात आणि त्या दिशेने पुठ्ठा आडव्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट ताठ असतो. उभ्या खोक्याच्या बाजू फुगू नयेत म्हणून ही दिशा उभ्या घड्यांना काटकोनात ठेवतात. ताव वाचवण्यासाठी छापखान्याने खोके तावावर आडवे बसवले की ही दिशा फिरते, आणि मग पुठ्ठा चांगला असूनही खोके पोट सुटल्यासारखे दिसते.

सीताफळाची गोष्ट मात्र घडीच्या पुठ्ठ्याची नाही, ती नालीदार पुठ्ठ्याची आहे. आणि त्यातही गेअर यांचा हात लागलेला आहे. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असलेला हा पुठ्ठा सुरुवातीला खोक्यासाठी नव्हताच. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी नागमोडी कागदाचे पेटंट घेण्यात आले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी वापरला आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याच्या बाजूला सपाट कागद चिकटवला. कापणे आणि घडी पाडणे एकत्र करण्याची गेअर यांची रीत पुढे या पुठ्ठ्याला लागू झाली आणि माल पाठवण्याच्या मोठ्या खोक्यांचा जन्म झाला.

या खोक्यांना वाटेत आडवे आले ते लाकडी पेट्यांचे कारखानदार आणि रेल्वे. लाकूड टिकाऊ, पुठ्ठा दुबळा, म्हणून पुठ्ठ्यातून जाणाऱ्या मालाला जास्त भाडे, असा रेल्वे कंपन्यांचा हिशेब होता. कॅलिफोर्नियातील प्रिडहॅम नावाच्या खोके कंपनीने हा प्रश्न आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे नेला. १९१४ मध्ये आयोगाने निकाल दिला की असा भेदभाव करता येणार नाही. मात्र रेल्वेची भीती अगदीच निराधार नव्हती. हलक्या पुठ्ठ्याची खोकी खरोखरच फुटत होती. त्यावर तोड निघाली ती प्रतीची. जॉन मुलन यांनी १८८७ मध्ये कागद फुटायला किती दाब लागतो हे मोजणारे यंत्र बनवले होते. रेल्वेच्या नियमांत त्याचा आधार घेण्यात आला. किती वजनाच्या मालाला किती दाब सोसणारा पुठ्ठा लागेल हे ठरले आणि खोके बनवणाऱ्याने ते खोक्याच्या बुडाशी गोल शिक्क्यात छापायचे, अशी पद्धत पडली. हा वाद आणि ही तडजोड झाली नसती तर पुठ्ठ्याची प्रत हा विषय केवळ बोलाचालीचा राहिला असता. आपल्याकडे आयएस २७७१ हे भारतीय मानक नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठीच आहे. ते किती जणांना ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न.

आपले कारखानदार ज्याला बीएफ म्हणतात, तो या मुलन यंत्राचाच आकडा. १८० जीएसएमचा, २० बीएफचा क्राफ्ट कागद म्हणजे त्या दोन आकड्यांचा गुणाकार करून हजाराने भागले की येणारा ३.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब सोसणारा कागद. तेवढ्याच वजनाचा १६ बीएफचा कागद २.८८ वर फुटेल. दोन्ही हातात घेतले तर सारखेच लागतात. दर विचारताना तीन प्लाय की पाच प्लाय एवढेच विचारले आणि बीएफ विचारला नाही, तर फसगत होण्यास पूर्ण वाव राहतो.

परंतु बीएफसुद्धा अर्धीच बाजू सांगतो. तो खोके फुटण्याविषयी आहे. आपली खोकी फुटत नाहीत, ती चेपतात. पाच किलोची खोकी आठ थरांची थप्पी करून लावली तर तळाच्या खोक्यावर वरच्या सातांचे ३५ किलो वजन येते. वाटेतले हादरे, रात्रीचे दव, थप्पी किती तास उभी राहणार हे सारे धरून तळाचे खोके त्याच्या तिप्पट ते पाचपट, म्हणजे १०५ ते १७५ किलो सोसेल असे असावे लागते. हवा फार दमट झाली की नालीदार खोक्याची ही ताकद निम्म्यावर येऊ शकते. परतीच्या पावसात तोडलेले ओले फळ भरले तर खोक्याला बाहेरून आणि आतून दोन्हीकडून ओलावा लागतो. नाळ्या उभ्या असतील तरच त्या खांबासारख्या भार घेतात. आडव्या असतील तर त्या दबतात. भाराचा मोठा वाटा चार कोपरे उचलतात, म्हणून फळाला श्वास घेण्यासाठी जी भोके पाडायची ती कोपऱ्यांपासून दूर पाडायची. खोकी एकावर एक सरळ न ठेवता विटांसारखी सांध्यावर रचली की कोपऱ्याखाली कोपरा येत नाही आणि उत्तम पुठ्ठाही माती खातो. हमाल हे घाईत करतात आणि दोष पुठ्ठ्यावर जातो. तेव्हा शेतकऱ्याने खोकी पुरवणाऱ्याला विचारायचे ते एवढेच नव्हे की पुठ्ठा किती जाड आहे. आत किती किलो, थप्पी किती थरांची, गाडीत किती तास, आणि हवा कशी, हे त्याने आधी सांगायचे असते, आणि त्यावरून पुठ्ठा निघतो. सीताफळाचे नुकसान फार तर दोन-चार रुपयांच्या कागदात वाचते की नाही, हा हिशेब त्यानंतरचा.

गेअर यांच्याकडे परत येऊ. त्यांनी दीर्घ आयुष्य पाहिले. व्यवसायाची सूत्रे त्यांचे चिरंजीव जॉर्ज यांच्याकडे गेली. १९१४ मध्ये, म्हणजे प्रिडहॅमचा निकाल लागला त्याच वर्षी, ब्रुकलिनच्या त्यांच्या परिसरात चारही बाजूंनी घड्याळे असलेली मनोऱ्याची इमारत उभी राहिली. विसाव्या दशकात कंपनीने ब्रुकलिनमधून पाय काढता घेतला. न्यूयॉर्कच्या उत्तरेला पिअरमाँट येथे तिची पुठ्ठा गिरणी होती. माल तेथे जवळ मिळे आणि जागाही स्वस्त होती. रॉबर्ट गेअर १९२७ मध्ये निवर्तले. कंपनीचे नाव १९५६ पर्यंत चालले, नंतर ती कॉन्टिनेंटल कॅन या कंपनीत विलीन झाली. डब्याच्या व्यवसायातील कंपनीने खोक्याची कंपनी घ्यावी, हा बाजाराचा न्याय. गेअरव्हिलला आता डम्बो म्हणतात. घड्याळाच्या मनोऱ्यात महागडी घरे आहेत.

जिल्ह्यातील एखाद्या छापखान्यात पंचिंगचे यंत्र असेल तर तेथे जाऊन साचा पाहता येतो. प्लायवूडच्या फळीत लेसरने अथवा करवतीने कापलेल्या फटींत पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात. धारदार पट्टी २३.८ मिलिमीटर उंच. तिच्या शेजारची बोथट पट्टी तिच्याहून पुठ्ठ्याच्या जाडीइतकी बुटकी. कापणाऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे, म्हणजे ताव साच्यात अडकत नाही. यंत्र एकदा दाबले की ताव बाहेर येतो, कारागीर कडेचा निरुपयोगी भाग हाताने झटकून काढतो आणि पेढ्यांची आठ-दहा सपाट खोकी त्याच्या हातात राहतात.